आठ्या, सुरकुत्या आणि पेप्टाइडची बाटली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



गेल्या श्रावणात एका संध्याकाळी आमच्या शेजारच्या इमारतीत राहणारी एक जण माझ्याकडे आली. तिचं नाव सांगत नाही. गोष्ट सांगायची परवानगी तिने दिली आहे, नावाची नाही. वय सत्तेचाळीस. गावातल्या एका जुन्या साड्यांच्या दुकानात ती एकोणीस वर्षं काम करते आणि घरी आल्यावर रात्री ब्लाउज शिवते. माझे दोन ब्लाउज द्यायला आली होती. ब्लाउज दिले, पैसे घेतले, चहा झाला, तरी उठेना. मग तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेली एक लहानशी काचेची बाटली काढली. सोबत तिचा खोका. "ताई, तुम्ही औषधांच्या कॉलेजात शिकवत होतात ना? एवढं वाचून सांगा. हे खरंच काम करतं का?"

तीस मिलिलिटरची बाटली, ड्रॉपरवाली. किंमत अठराशे पन्नास रुपये. खोक्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की सुईशिवाय बोटॉक्सचा परिणाम, तोही चार आठवड्यांत. तिला भिशी लागली होती, त्या पैशांतून तिने ती मागवली होती.

मी विचारलं, "तुला गं कशाला हे?" आणि विचारल्यावर लगेच वाटलं, विचारायला नको होतं. दुकानाचं नूतनीकरण झालं होतं. दर्शनी भागात काचा आल्या, दिवे आले आणि शालू-पैठणीच्या गादीवर दोन नव्या मुली आल्या. हिला मालकांनी मागे अस्तर, फॉल आणि परकरांच्या काउंटरवर बसवलं. वाईट काही बोलले नाहीत. "ताई, तुम्हाला आता उभं राहायचा त्रास नको," एवढंच म्हणाले. पण शालू विकला की त्यावर मिळणारं कमिशन गेलं. आणि दुकानातल्याच कुणीतरी तिला सांगितलं, की गिऱ्हाइकासमोर तुम्ही सारख्या चिडल्यासारख्या दिसता. ती चिडकी मुळीच नाही. दोन भुवयांच्या मधे तिला दोन उभ्या आठ्या आहेत, इतकंच.

त्या संध्याकाळी मी तिला जे अर्धवट उत्तर दिलं, ते आज जरा सविस्तर देणार आहे. कारण पेप्टाइड हा शब्द आता सीरमवर, क्रीमवर, ओठांच्या मलमावर, सगळीकडे दिसतो आणि तो वाचून पैसे मोजणाऱ्या बायका, आणि अलीकडे पुरुषही, काही थोडेथोडके नाहीत.

आधी हा शब्द सोपा करू. प्रथिनं, म्हणजे प्रोटीन, ही मण्यांची लांबलचक माळ असते. एकेक मणी म्हणजे एकेक अमिनो आम्ल. आपल्या त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन घ्या. त्याच्या एकेका सरात हजाराच्या आसपास मणी असतात आणि असे तीन सर एकमेकांभोवती पिळलेले असतात. पेप्टाइड म्हणजे अशा माळेचा छोटा तुकडा. तीन मण्यांचा, पाच मण्यांचा, सहा मण्यांचा. शरीरात असे तुकडे पुष्कळदा निरोप्याचं काम करतात. इन्सुलिन हासुद्धा एकावन्न मण्यांचा निरोप्याच आहे. तेव्हा पेप्टाइड म्हणजे काहीतरी थोतांड, असं समजायचं कारण नाही. प्रश्न असतो तो निरोप पोहोचतो का, याचा.

आता आठ्या. शरीरातले बहुतेक स्नायू एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत जातात. चेहऱ्याचे स्नायू मात्र एका टोकाला त्वचेतच गुंतलेले असतात. म्हणून तर आपण हसलो, रुसलो, आश्चर्य वाटलं, की चेहऱ्याची कातडी हलते. स्नायू ज्या दिशेने ओढतो, घडी तिला आडवी पडते. कपाळाचा स्नायू भुवया वर ओढतो म्हणून कपाळावर आडव्या रेघा. भुवयांना एकमेकींजवळ आणणारे स्नायू आडवे ओढतात म्हणून मधल्या आठ्या उभ्या. तरुणपणी चेहरा सैल सोडला की घडी मोडते. वय वाढतं तसं कोलॅजन कमी होतं, पाळी गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत तर ते फार झपाट्याने जातं, आणि मग पुन्हा पुन्हा घडी घातलेल्या नऊवारीसारखी ती रेघ तिथेच राहते. म्हणजे सुरकुतीला दोन बाजू आहेत: ओढणारा स्नायू आणि विरलेलं कापड. पेप्टाइडवाल्यांनी या दोन्ही बाजूंना हात घातला आहे.

स्नायूची बाजू समजायची तर बोटॉक्सपासून सुरुवात करावी लागेल. जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाचे एक डॉक्टर होते, कवीही होते. १८२० च्या सुमारास त्यांनी खराब झालेल्या सॉसेजमुळे होणाऱ्या विषबाधेचं बारकाईने वर्णन केलं. त्या विषाचं नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडलं, बोट्युलिनम. दीडशे वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट या नेत्रतज्ज्ञांनी तेच विष अतिसूक्ष्म मात्रेत तिरळ्या डोळ्यांवर वापरलं आणि १९८९ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. कॅनडात व्हँकुव्हरला कॅरदर्स दांपत्य, बाई नेत्रतज्ज्ञ आणि गृहस्थ त्वचारोगतज्ज्ञ. पापण्या फडफडण्याच्या विकारावर इंजेक्शनं घेणाऱ्या एका रुग्ण बाईंनी १९८७ मध्ये जीन कॅरदर्स यांच्या लक्षात आणून दिलं, की भुवयांच्या मधे सुई टोचली की आपल्या आठ्या जातात. पाच वर्षांनी नवरा-बायकोंनी त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. आणि एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेने भुवयांमधल्या आठ्यांसाठी बोटॉक्सला परवानगी दिली.

२००२ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी स्पेनमधून एक निबंध आला. बार्सिलोनाची लिपोटेक ही कंपनी आणि एल्चे इथलं विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या कामाचा तो निबंध होता, आणि त्यात सहा मण्यांचं एक कृत्रिम पेप्टाइड होतं. व्यापारी नाव अर्गिरेलिन. खोक्यांवर आज ते 'ॲसिटिल हेक्सापेप्टाइड-८' या नावाने येतं. आमच्या बाईंच्या बाटलीत होतं ते हेच.

त्यामागची कल्पना हुशारीची आहे, हे कबूल केलं पाहिजे. मज्जातंतूच्या टोकाशी लहान लहान पिशव्या असतात आणि त्यांत स्नायूला 'आवळ' असं सांगणारं रसायन भरलेलं असतं. पिशवी टोकाच्या भिंतीला चिकटून फुटली, तरच रसायन बाहेर पडतं. तिला भिंतीपर्यंत ओढून आणायला तीन प्रथिनं एकमेकांत गुंफली जातात. त्यांतल्या एकाचे दोन पेड, बाकीच्या दोघांचा एकेक. झाली चौपेडी वेणी. ज्याचे दोन पेड असतात त्या प्रथिनाचं नाव स्नॅप-२५. बोटॉक्स काय करतं, तर कात्रीसारखं हे स्नॅप-२५ कापतं. पेडच तुटला म्हणजे वेणी बसत नाही, पिशवी फुटत नाही आणि स्नायू तीन-चार महिने सुस्त पडतो.

अर्गिरेलिन कात्री चालवत नाही. त्याचे सहा मणी हे स्नॅप-२५ च्याच एका टोकाची नक्कल आहेत. खऱ्या पेडाच्या जागी गंगावनाचा आखूड तुकडा घुसवला तर वेणी जशी ढिली बसेल, तशी ही प्रथिनांची गुंफण ढिली बसावी, असा हेतू. प्रयोगशाळेत, बशीत वाढवलेल्या पेशींवर, हे दिसलंही. मग दहा बायकांनी महिनाभर क्रीम लावलं आणि सुरकुत्यांची खोली ३० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचं त्या निबंधात नोंदलं आहे. दहा बायका, तीस दिवस. जगभरच्या जाहिरातींत फिरणाऱ्या ३० टक्क्यांचं मूळ हे. पुढे २०१३ मध्ये चीनमध्ये साठ जणांवर झालेल्या, चार आठवड्यांच्या चाचणीचा निकालही अर्गिरेलिनच्या बाजूने लागला. तेव्हा काहीच पुरावा नाही असं मी म्हणणार नाही. पुरावा आहे, पण तो लहान आहे, थोड्या दिवसांचा आहे. आणि ३० टक्के म्हणजे तरी काय? समजा रेघ एक दशांश मिलिमीटर खोल असेल, तर ती ०.०७ होईल. यंत्राला कळेल. साडीच्या दुकानात समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला कळेल का?

आता मुख्य अडचण. ते रसायन सोडणारं टोक कुठे आहे? स्नायूपाशी. क्रीम कुठे लावतो? कातडीवर. मधे काय आहे? सगळ्यात वर मृत पेशींचा एक पापुद्रा. जाडी एक मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी, पण बांधणी अशी, की विटा रचून मधे चरबीचा गिलावा केलेला. हा पापुद्रा असतो म्हणून आपण नदीत उतरलो की पाणी आत शिरत नाही आणि उन्हात उभं राहिलो की आतलं पाणी सगळं उडून जात नाही. त्याखाली जिवंत पेशींचे थर, त्याखाली कोलॅजनची जाड अंतस्त्वचा, त्याखाली चरबी आणि मग कुठे तो स्नायू. बॉस आणि माइनार्डी या दोघांनी २००० साली एक ढोबळ नियम मांडला, की ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू हा पापुद्रा सहसा ओलांडत नाही. डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप. अर्गिरेलिनचं वजन ८८९. वर ते पाण्यात रमणारं, आणि गिलावा चरबीचा.

हा नियमच आहे, प्रत्यक्षात बघितलंय का कुणी? बघितलंय. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी हे पेप्टाइड असलेलं क्रीम मृत माणसाच्या त्वचेच्या तुकड्यावर लावून ठेवलं आणि चोवीस तासांनी कुठे किती गेलं ते मोजलं. जवळजवळ सगळं धुऊन निघालं. एक टक्क्याहूनही कमी वरच्या पापुद्र्यात अडकलेलं होतं. अंतस्त्वचेत काहीच सापडलं नाही. स्नायू तर त्याच्याही पलीकडे.

मग ज्यांना फरक दिसतो त्या खोटं बोलतात का? नाही. कोरड्या पापुद्र्याला ओल मिळाली की तो फुगतो आणि बारीक रेघा भरून येतात. भाद्रपदात जमिनीच्या भेगा बुजतात तशा. ग्लिसरीन असलेलं कुठलंही बरं क्रीम हे करतं. मी एकतीस वर्षं फार्मसीच्या मुलांना शिकवलं. सौंदर्यप्रसाधनांच्या प्रात्यक्षिकात व्हॅनिशिंग क्रीम करायचं असायचं. मुली दरवर्षी एकच गोष्ट बघून चकित व्हायच्या, की एवढ्या दिमाखदार वस्तूत बहुतांश पाणीच असतं! त्या क्रीमनेही दोन दिवस चेहरा छान दिसायचा. पेप्टाइडच्या बाटलीचं श्रेय नेमकं कुणाचं हे ठरवायचं, तर तीच बाटली पेप्टाइड न घालता बनवून शेजारी लावून बघावी लागते. घरच्या आरशात हे जमत नाही.

बाटलीवर 'दहा टक्के' लिहिलेलं असतं, त्याबद्दलही सांगते. पेप्टाइड बनवणारा कारखाना ते आधीच भरपूर पाण्यात विरघळवून द्रावण म्हणून विकतो. बाटलीवरचे दहा टक्के हे पुष्कळदा त्या द्रावणाचे असतात, शुद्ध पेप्टाइडचे नव्हेत. पातेलंभर पाण्यात वाटीभर ताक घातलं आणि वर लिहिलं, की दहा टक्के ताक. ते ताकच मुळात किती पातळ होतं, ते कोण सांगणार? घटकांची यादी वाचायची एक युक्ती आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले पदार्थ उतरत्या क्रमाने द्यायचे असतात, त्याखालचे कसेही. फिनॉक्सिएथॅनॉल हे टिकवणारं रसायन साधारण एक टक्क्यापर्यंतच घालतात. त्याच्या नंतर जे जे आलं, ते सगळं त्याहूनही कमी, असं बहुधा समजायला हरकत नाही. आमच्या बाईंच्या बाटलीवर पेप्टाइडचं नाव त्याच्याही खाली, सुगंधाच्या शेजारी होतं.

दुसरी बाजू विरलेल्या कापडाची, आणि इथे मला पेप्टाइडबद्दल थोडा अधिक आदर आहे. कोलॅजन झिजतं तेव्हा त्याचे तुकडे पडतात आणि त्या तुकड्यांवरून विणकर पेशींना कळतं, की नवं कापड विणायला घ्या. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं, की पाच मण्यांचा असा एक नेमका तुकडा बशीतल्या पेशींना कोलॅजन बनवायला लावतो. फ्रान्सच्या सेडर्मा कंपनीने त्याला पामिटिक आम्लाचं, म्हणजे पाम तेलात आणि तुपातही असणाऱ्या स्निग्धाम्लाचं शेपूट जोडलं. चरबीच्या गिलाव्यातून सरकायला तेलकट अंग बरं. व्यापारी नाव मॅट्रिक्सिल. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३५ ते ५५ वयाच्या ९३ बायकांनी बारा आठवडे अर्ध्या चेहऱ्याला हे घातलेलं क्रीम लावलं आणि उरलेल्या अर्ध्याला तेच क्रीम, पण पेप्टाइडशिवाय. मात्रा किती, तर दहा लाखांत तीन भाग! तरी पेप्टाइडच्या बाजूला बारीक रेघांत थोडा, पण मोजता येईल इतका फरक पडला. ही चाचणी क्रीम विकणाऱ्या कंपनीच्याच शास्त्रज्ञांची होती, हे सांगायला हवं. पण मांडणी प्रामाणिक होती. थोडा फरक. तो 'थोडा' जाहिरातीत येईपर्यंत कसा फुगतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

नागाच्या विषाचं क्रीम म्हणून एक प्रकार मध्यंतरी गाजला. त्यात नाग नाही आणि विषही नाही. मलेशियात पेनांगच्या देवळात मंदिर-घोणस म्हणून जे साप ठेवलेले असतात, त्यांच्या विषातल्या एका पेप्टाइडची ती प्रयोगशाळेत केलेली छोटी नक्कल. पुरावा त्याचाही अर्गिरेलिनसारखाच तोकडा.

आणि यात कायद्याची एक गंमत आहे. आपल्याकडे १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे. ढोबळ मानाने, रूप खुलवणारं ते प्रसाधन. शरीराच्या कार्यात फेरफार करणारं ते औषध. आता विचार करा. एखादं क्रीम खरोखरच कातडीतून खोल जाऊन मज्जातंतूचा निरोप अडवत असेल, तर ते औषध झालं. त्याची औषधासारखी तपासणी व्हायला हवी, डोळ्याजवळ लावलं तर पापणी पडेल का, हे बघायला हवं. आणि ते दुकानात मोकळेपणी विकलं जातंय याचा अर्थ, विकणाराही ते तेवढं काम करतं असं कायद्यापुढे म्हणत नाही. खोक्यावर म्हणतो तो फक्त 'परिणाम', 'भास', 'दिसणं'. पुन्हा वाचा, शब्द फार जपून योजलेले असतात.

इथवर झालं ते पैशांचं नुकसान. यापुढचं मला जास्त काळजीचं वाटतं. माझी एक जुनी विद्यार्थिनी औषधांचं दुकान चालवते. तिच्याकडे एक तरुण मुलगी आली आणि इंजेक्शनात मिसळायचं निर्जंतुक पाणी आणि इन्सुलिनची सिरिंज मागू लागली. कशासाठी, म्हणून विचारलं, तर मोबाइलवर एका निळ्या भुकटीच्या कुपीचा फोटो दाखवला. कॉपर पेप्टाइड. हा तीन मण्यांचा तुकडा लॉरेन पिकार्ट या अमेरिकन संशोधकाला १९७३ साली माणसाच्या रक्तद्रवात सापडला. तो तांब्याला धरून ठेवतो, म्हणून निळा. जखमा भरण्याच्या संदर्भात त्यावर पुष्कळ काम झालं आहे आणि लावायच्या क्रीममध्ये तो बरीच वर्षं आहे. लावायला माझी हरकत नाही. पण ही मुलगी तो टोचून घेणार होती. कुपीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, केवळ संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचे हात धुऊन घेतले. कुपीत तेच आहे का, किती आहे, जंतू आहेत का, हे कुणी तपासलेलं नाही. जो पापुद्रा आपल्याला क्रीमच्या बाबतीत अडचण वाटतो, तोच आपली राखण करत असतो. सुई लावली की ती राखण गेली. माझ्या विद्यार्थिनीने सिरिंज दिली नाही. मुलगी रागावून गेली. दुसऱ्या दुकानात मिळालीही असेल.

तसंच ते 'चेहरा उजळणारं' म्हणून हातोहात विकलं जाणारं मलम. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. पंधरा दिवस कांती सुंदर, मग कातडी पातळ, लालसर रेघा, पुरळ, आणि बंद केलं की आग. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ मध्ये नियम कडक झाले. सुरकुत्यांपेक्षा कितीतरी अधिक चेहरे मी या मलमांनी बिघडलेले पाहिले आहेत. विषयांतर झालं खरं, पण माझा यावरचा राग जुना आहे.

मग करायचं काय? हाच प्रश्न तिनेही विचारला. मी म्हटलं, ऊन. तिला वाटलं मी विषय बदलते आहे. २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचं छायाचित्र आलं होतं. अठ्ठावीस वर्षं गाडी चालवून त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू, खिडकीकडची, खोल वळ्यांनी भरली होती. उजवी त्या मानाने गुळगुळीत. एकाच माणसाचे दोन अर्धे चेहरे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणजे उजवी बाजू गेली असती. काचेतूनही उन्हातले लांब लहरींचे अतिनील किरण आत येतात आणि कोलॅजनची नासाडी तेच करतात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या नॅम्बर गावी ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, निम्म्यांना मनाला येईल तसं. हाताच्या पाठीच्या कातडीचे ठसे घेऊन तुलना केली. रोज लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा २४ टक्के कमी म्हातारी झाली होती. दहा बायका, तीस दिवस कुठे, आणि हे कुठे. एका बाटलीच्या किमतीत चार-पाच महिन्यांचं साधं सनस्क्रीन येतं. छत्री आणि पदर तर घरचेच.

दुसरं, ट्रेटिनॉइन. मुरुमांवरचं जुनं औषध. त्याने उन्हाने रापलेल्या त्वचेच्या सुरकुत्या कमी होतात हे फिलाडेल्फियाच्या अल्बर्ट क्लिगमन यांनी १९८६ मध्ये दाखवलं आणि नंतरच्या अनेक चाचण्यांत ते टिकलं. पण ते आग करतं, सालपटं काढतं, गरोदरपणी वापरायचं नाही, आणि त्वचेच्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरायचं. स्वस्त आहे. स्वस्त आणि कटकटीचं, म्हणून त्याची जाहिरात होत नाही, असं माझं मत.

आणखी एक. मघाशी सांगितलेल्या चाचण्यांत आपल्या वर्णाच्या बायका फारशा नाहीत. सावळ्या त्वचेला सुरकुत्या गोऱ्यांपेक्षा उशिरा पडतात. आपलं वय दिसतं ते डागांत, वांगात, डोळ्यांखालच्या काळेपणात. वांगावर आठ्यांच्या पेप्टाइडचा काडीचा उपयोग नाही. जाहिरातीबरोबर भीतीसुद्धा परदेशातूनच आली की काय, असं मला कधी कधी वाटतं.

हे सगळं मी तिला सांगितलं, अर्थात इतकं लांबण न लावता. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे पैसे गेले." मी म्हटलं, "सगळे नाही. चांगलं ओलावा देणारं सीरम आहे, संपेपर्यंत रात्री लाव. दुसरी बाटली घेऊ नकोस." आणि मग मी जे बघत होते ते बोलले. खोका वाचून दाखवताना तिने तो हातभर लांब धरला होता आणि डोळे बारीक करून, भुवया आवळून बघत होती. "तुला चाळिशी लागली आहे. डोळे तपासून घेतलेस?" नव्हते घेतले. चष्मा लावला तर दुकानात आणखीनच वय दिसेल, म्हणून टाळत होती. रोज रात्री दोन-दोन तास त्या स्नायूला असं राबवायचं, आणि मग त्याला झोपवायला अठराशे रुपयांची बाटली आणायची!

दसऱ्याच्या आधी तिने डोळे तपासले. पावणेदोनचा नंबर निघाला. चष्मा ती घरी लावते. दुकानात लावत नाही, ते तिने ठरवलं आहे आणि त्यावर मी काही बोलले नाही. आठ्या आहेत, जरा उथळ झाल्या असं तिचं म्हणणं; मला नीट सांगता येणार नाही. लग्नसराईत गर्दी वाढली तेव्हा तिला महिनाभर पुढच्या गादीवर बोलावलं होतं, आता पुन्हा अस्तरांकडे. तिथे ऊन येत नाही, असं ती मला हसत म्हणाली. परवा ब्लाउजचं माप द्यायला गेले, तर सीरमची बाटली मशिनच्या फळीवर उभी होती. धुऊन, सुकवून तिच्यात मशिनचं तेल भरलं होतं. ड्रॉपर फार सोयीचा आहे म्हणाली, नेमका थेंब पडतो.